सीएपीडीचं कनेक्शन आणि युव्ही लाइट, घरी वापरावा का?

कराडची_रेवा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज प्रश्न घेऊन आलेय. माझ्या सासऱ्यांचं (आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) सीएपीडी (घरी करायचं पोटाचं डायलिसिस, म्हणजेच पीडीचा एक प्रकार) चालू आहे, दोनेक वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, किडन्या काम करत नाहीत म्हणून पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते, तिच्यातून दोन लिटरची औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, चार-सहा तास ठेवायची, मग ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. या अदलाबदलीला एक्स्चेंज म्हणतात, रोज तीन वेळा, घरच्या घरी. मशीन नाही, सुया नाहीत, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला पळणं नाही. भीती एकच, पिशवी जोडताना त्या उघड्या टोकाला काही लागलं की जंतू थेट पोटात आणि मग पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याचं इन्फेक्शन. मागच्या पावसाळ्यात अण्णांना झाला होता, पाणी ताकासारखं गढूळ आलं, पोटदुखी, ताप, आणि पुढे दोन-तीन आठवडे पिशवीतून अँटिबायोटिक. परत नको रे बाबा.

तर आता आमच्या दिरांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला, जपानमध्ये म्हणे हे कनेक्शन युव्ही (अतिनील) लाइटने निर्जंतुक करतात. आमच्याकडे कोरोनात घेतलेला युव्ही बॉक्स माळ्यावर पडलाय. त्यांचं म्हणणं नळीचं टोक आणि पिशवीचं टोक त्या बॉक्समध्ये पाच मिनिटं धरायचं आणि मगच जोडायचं. अण्णा स्वतःच जोडायचा हट्ट धरतात, हात जरा थरथरतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. असं कोणी करतं का? करावं का?

बापू_बारामतीकर

युव्ही बॉक्स आमच्याकडेही आहे. सध्या त्यात कांदे असतात.

(बाकी जाणकार येतीलच, वाचतोय.)

सिस्टर_अनघा

रेवाताई, आधी ठळकपणे सांगते, तो बॉक्स वापरू नका. कारणं नंतर वाचा, पण आज संध्याकाळच्या एक्स्चेंजला दीर बॉक्स घेऊन आले तर त्यांना चहा द्या आणि बसवा.

मी पीडी युनिटला बरीच वर्षं काम केलंय, घरी जाऊन ट्रेनिंगही दिलंय. पोटाच्या नळीला जी छोटी जोडनळी असते ना, ट्रान्स्फर सेट, तिच्या टोकावर प्रत्येक वेळी नवीन टोपण लागतं आणि त्या टोपणात तपकिरी स्पंज असतो, त्यात पोव्हिडोन आयोडीन असतं. म्हणजे दोन एक्स्चेंजच्या मधले पाच-सहा तास ते टोक आयोडीनमध्येच बसलेलं असतं. ते बाहेर काढून बॉक्समध्ये "पाच मिनिटं धरायचं" म्हणजे जे टोक जेमतेम काही सेकंद उघडं राहायला हवं ते तुम्ही पाच मिनिटं हवेत, एका जुन्या धुळीच्या खोक्यात उघडं ठेवणार. फायदा सोडा, धोका वाढवताय.

दुसरं, जोडल्यावर आधी पोटातलं जुनं पाणी बाहेर येतं, मग नवीन पिशवीतलं थोडं पाणी थेट ड्रेन बॅगमध्ये सोडून नळी धुऊन घ्यायची, आम्ही पाचपर्यंत मोजायला शिकवतो, आणि मगच पोटात भरायचं. जोडताना दोन-चार जंतू आले असतील तर ते या दोन धुण्यांत बाहेरच्या दिशेने वाहून जातात. ही पायरी घाईत गाळणारे मी भरपूर बघितलेत. अण्णा करतात का बघा, त्यांना न विचारता नुसतं बाजूला बसून बघा.

कराडची_रेवा

ताई, चहाचं लक्षात ठेवते :D पण मग जपानचा व्हिडिओ खोटा आहे का?

भास्कर_ओसाका

खोटा नाही. इथे ओसाकाला आमच्या शेजारच्या आजींकडे ते यंत्र मी स्वतः बघितलंय. टेबलावर ठेवायचं छोटं यंत्र आहे, नळीचं टोक एका खाचेत, पिशवीचं टोक दुसऱ्या खाचेत, झाकण बंद करून बटण दाबलं की आतल्या आत टोपण निघतं, युव्ही पडतो, दोन्ही टोकं जोडली जातात आणि यंत्र जपानीत बोलून सांगतं की झालं, आता झाकण उघडा. आजींची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, त्या नुसत्या नळ्या खाचेत बसवतात. पण त्यांच्या पिशव्या, टोकं, टोपणं सगळी त्या यंत्रासाठीच बनवलेली आहेत. घरातला कुठलाही बॉक्स आणि ते, यांचा काही संबंध नाही. आणि हो, इथे एक दुसरी पद्धतही आहे, तापलेल्या पात्याने दोन नळ्या कापून वितळलेल्या अवस्थेतच एकमेकींना चिकटवायच्या. ते बघताना मात्र मला घाम फुटला होता.

उजेडवाला

माझ्या विषयाचा धागा निघाला म्हणून लॉगिन केलं, एरवी इथे फक्त राजकारणाचे धागे वर असतात.

युव्हीचं गणित सोपं आहे पण क्रूर आहे. जंतू मारतो तो युव्ही-सी, साधारण २५४ नॅनोमीटरचा, पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून येणारा. तो जंतूच्या डीएनएमधल्या शेजारशेजारच्या कड्या एकमेकींना चिकटवून टाकतो, मग त्या जंतूला आपली प्रत काढता येत नाही. किती मरतील ते डोसवर, म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. बॅक्टेरिया तुलनेने लवकर मरतात, बुरशीच्या बीजाणूंना कित्येक पट जास्त डोस लागतो.

क्रूर भाग हा की जिथे प्रकाश पडत नाही तिथे शून्य परिणाम. कनेक्टरला आटे असतात, आतून पोकळी असते, एका बाजूने दिवा असेल तर दुसरी बाजू अंधारात. साधी काच युव्ही-सी अडवते. पीव्हीसी अडवतो. पॉलिकार्बोनेट अडवतो. म्हणजे तुम्हाला जे पारदर्शक दिसतंय ते या प्रकाशासाठी भिंत आहे, त्यामुळे टोपण लावलेल्या अवस्थेत बाहेरून प्रकाश मारून आतलं काही मरत नाही. जपानच्या यंत्रात दिव्याची जागा, टोकांचा आकार, अंतर, प्लास्टिक हे सगळं आधी ठरवून, जंतू लावून, मोजून मग बाजारात आणलेलं असतं. तुमच्या बॉक्सचा डोस किती? कंपनीलाही माहीत नसेल. त्यात जुना दिवा दिसायला तसाच निळा पेटतो पण त्याचा युव्ही उतरत गेलेला असतो, आणि डोळ्यांना युव्ही दिसतच नाही, जो निळा रंग दिसतो तो दृश्य प्रकाश आहे.

शिवाय प्लास्टिक रोज युव्हीत धरलं तर ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं. ट्रान्स्फर सेट सहा महिने चालवायचा असतो ना? त्याला चीर गेली तर?

खवचट_खान्देशी

म्हणजे आमच्या सलूनवाल्याचा तो निळा डबा??? त्यात कात्री-कंगवे एकावर एक टाकलेले, कंगव्यात आधीच्या गिऱ्हाईकाचे केस, दार अर्धवट उघडं आणि आत निळा झगमगाट. मी आपला निर्धास्त मान पुढे करत होतो.

उजेडवाला

@खवचट_खान्देशी, बऱ्याच डब्यांत साधा निळा एलईडी असतो, त्याला दिवाळीची रोषणाई समजा. आणि एखाद्यात खरा युव्ही-सी असलाच तर दार उघडं ठेवून त्याच्याकडे बघत बसू नका. तेव्हा काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, वेल्डिंगवाल्यांना होतं तेच. रेवाताई, हा मुद्दा तुमच्या अण्णांच्या एकुलत्या एक ऑपरेशनवाल्या डोळ्यासाठीही आहे, उघड्या बॉक्समध्ये हात घालून काम करायचं नाही.

आजोबांचा_नातू

एवढा खटाटोप कशाला? ऊन आहे की. आमच्याकडे बरण्या, पाट, गाद्या सगळं उन्हात घालतात. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे जुन्या लोकांना माहीत होतं, पाश्चात्त्यांनी नंतर दिवे काढले.

उजेडवाला

उन्हाने जंतू मरतात हे बरोबर, १८७७ मध्ये डाऊन्स आणि ब्लंट या दोघांनी ते प्रयोगाने दाखवलं, आणि १९०३ चं नोबेल फिन्सेन यांना प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्यासाठी मिळालं. पण युव्ही-सी ओझोनच्या थरातच अडकतो, जमिनीवर पोचतच नाही. उन्हाला वेळ लागतो, गादीला तो असतो. उघडी नळी घेऊन अण्णांनी अंगणात बसायचं का?

आजोबांचा_नातू

बरं बरं. गादीपुरतं तरी मान्य केलंत, आभार.

तर्कट

सगळ्यांनी बॉक्स उडवून लावला ते ठीकच आहे, पण मूळ मुद्दा कोणी घेत नाहीये. रेवाताईंनी लिहिलंय की अण्णांचा हात थरथरतो आणि नजर कमी आहे. जपानने यावर उत्तर काढलं, आपण काय करतो तर पेशंटला म्हणतो हात नीट धुवा आणि काळजी घ्या. इन्फेक्शन झालं की "तुमच्याकडून हात लागला असेल". म्हणजे सगळी जबाबदारी ७० वर्षांच्या माणसाच्या बोटांवर. यंत्र आहे तर ते इथे का मिळत नाही हा प्रश्न विचारायचाच नाही का? की स्वस्तात पडतं म्हणून हातावर भागवायचं?

सिस्टर_अनघा

@तर्कट, तुमचा राग कळतो. "हात लागला असेल" हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून पेशंटला रडताना बघितलंय. पण पेरिटोनायटिस सगळा जोडणीतूनच येतो असंही नाही. नळी पोटातून बाहेर येते त्या भोकाजवळून येतो, बद्धकोष्ठ झालं की आतड्यातूनही येतो. त्या जागांना युव्हीचं यंत्र काय करणार?

निवृत्त_नेफ्रो

तर्कट यांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं अर्धं उत्तर इतिहासात आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला पॉपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पाणी काचेच्या बाटल्यांत यायचं आणि पेरिटोनायटिस इतक्या वेळा व्हायचा की ही पद्धत टिकेल असं फार लोकांना वाटत नव्हतं. मग टोरंटोला ओरिओपोलस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. तेव्हाची रीत अशी, की पाणी पोटात गेलं की रिकामी पिशवी गुंडाळून कमरेला बांधायची, त्याच पिशवीत परत काढायचं, ती फेकायची आणि नवीन पिशवीत अणकुचीदार टोक खुपसायचं. हे खुपसणंच घातक होतं. कोणाला नीट दिसायचं नाही, कोणाचा नेम चुकायचा.

आता गंमत बघा, युव्ही तेव्हाच आला होता. ते खुपसायचं टोक आणि पिशवीचं तोंड एका छोट्या पेटीत ठेवून युव्हीने निर्जंतुक करायचं यंत्र अमेरिकेत निघालं, त्यावर अनेक केंद्रांत मिळून यादृच्छिक चाचणी झाली, ती १९८५ ला छापून आली. म्हणजे ही कल्पना नवी नाही, चाळीस वर्षांची आहे. पण त्याच सुमारास इटलीत बुओनक्रिस्तियानी यांनी वाय आकाराची नळी आणली. एका फाट्याला भरलेली पिशवी, दुसऱ्याला रिकामी, आधी धुवा मग भरा. कॅनडात १९८९ ला चाचणी झाली, जुन्या पद्धतीत सरासरी १० महिन्यांना एक पेरिटोनायटिस, वाय नळीने साडेएकवीस महिन्यांना एक. पहिल्या पहिल्या वाय नळ्यांत जंतुनाशकही भरत, पुढे लक्षात आलं की नुसतं धुणंच पुरेसं काम करतं. दिवा, वीज, यंत्र काही नको, फक्त पाण्याची दिशा बदलली. त्यामुळे बहुतेक जगाने युव्हीचा नाद सोडला. जपानने सोडला नाही कारण त्यांच्याकडे म्हातारे, एकटे राहणारे पेशंट खूप, त्यांना यंत्राने जोडून देणं हाच मोठा आधार. मला विचाराल तर तिथे युव्हीपेक्षा ते आपोआप जोडणं जास्त कामाचं आहे.

तर्कट

डॉक्टर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. तरी माझा मुद्दा उरतोच, थरथरणाऱ्या हाताला आधार आपल्याकडे काय?

निवृत्त_नेफ्रो

उरतो, मान्य. घरातला दुसरा माणूस, हा सध्याचा आधार.

पोटात_पाणी

मी स्वतः सीएपीडीवर आहे, देवरुखजवळ राहतो, आयडीवरून कळलंच असेल. युव्हीबिव्ही काही नाही, माझा अनुभव सांगतो. खोलीत एक टेबल फक्त यासाठी. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. मे महिन्यात कोकणात पंखा बंद करून मास्क लावून बसायचं म्हणजे काय ते ज्याला माहीत त्यालाच माहीत, घाम नाकावरून मास्कमध्ये आणि तुम्हाला हात लावता येत नाही. नेमकं त्याच वेळी मांजर दाराला नखं मारतं आणि बायको विचारते "झालं का, भाकरी टाकू का". मी उत्तर देत नाही. जोडताना बोलायचं नाही हा माझा नियम, मास्क असला तरी.

हात साबणाने धुऊन स्वच्छ कोरडे करायचे, कोरडे हे महत्त्वाचं, आमच्या सिस्टरनी डोक्यात बसवलंय की ओला हात म्हणजे जंतूंना होडी. मग उजव्या हाताच्या दोन बोटांत पिशवीचं टोक, डाव्या हातात ट्रान्स्फर सेट, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची. मनगट टेकलं की थरथर निम्मी होते. ट्रान्स्फर सेटचं तोंड खाली ठेवून टोपण फिरवून काढायचं आणि लगेच जोडायचं, मध्ये चष्मा सरळ करायचा नाही. रेवाताई, अण्णांना मनगटं टेकवायला सांगून बघा.

सिस्टर_अनघा

@पोटात_पाणी, तुम्हाला ट्रेनर म्हणून घ्यायला हवं. मनगटं टेकवायचं मी आता सगळ्यांना सांगणार.

बापू_बारामतीकर

अवांतर: पोटात दोन लिटर पाणी घेऊन एसटीने प्रवास करता येतो का? आमचे एक नातेवाईक याच भीतीने हिमोवर (मशीनने रक्त शुद्ध करायचं डायलिसिस) राहिलेत, आठवड्यातून तीनदा पुण्याला जातात.

पोटात_पाणी

येतो. मी गणपतीत मुंबईला जातो, पिशव्यांचा खोका एसटीच्या डिकीत. कंडक्टर विचारतो आंबे का, मी म्हणतो हो, औषधी आंबे. वाटेत एक्स्चेंजची वेळ येणार नाही असं गणित जमवायचं.

पिशवी गरम करायला मात्र मायक्रोवेव्ह वापरू नका रे कोणी, कुठे चटका कुठे थंड असं होतं. आणि गरम पाण्याच्या बादलीत तर मुळीच बुडवू नका, ओलावा टोकापाशी राहतो. माझ्याकडे शेकायचा इलेक्ट्रिक पॅड आहे, लाइट गेली की पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवलेली असते.

निवृत्त_नेफ्रो

बापू, हाँगकाँगमध्ये १९८५ पासून सरकारचं धोरणच आहे की आधी पीडी, जमत नसेल तर हिमो. आपल्याकडे सरकारी डायलिसिसची योजना २०१६ ला आली ती हिमोपासून, पीडीचा समावेश नंतर झाला. गावात राहणाऱ्याला खरं तर हीच पद्धत सोयीची, पण बघून शिकायला शेजारीपाजारी कोणी पेशंट नसतो, म्हणून भीती जात नाही.

लीड्सची_मनीषा

वेगळ्या नळीबद्दल लिहिते, कारण इथे कोणीतरी हा धागा वाचून परमकॅथ (हिमोसाठी मोठ्या रक्तवाहिनीत बसवलेली नळी) किंवा केमोच्या सेंट्रल लाइनलाही बॉक्स लावेल. मी इथे इंग्लंडमध्ये कॅन्सर वॉर्डला नर्स आहे. रक्तात जाणाऱ्या नळीच्या तोंडाला आम्ही ७० टक्के अल्कोहोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या वाइपने निदान १५ सेकंद घासतो आणि वाळू देतो. सगळे घासतात पण वाळू देत नाहीत, हीच बोंब. १५ सेकंद मनात मोजून बघा, किती लांब वाटतात ते. घासण्याने तिथला चिकट थर निघतो. प्रकाशाने थर निघत नाही, रक्ताचा किंवा औषधाचा थेंब वाळलेला असेल तर त्याच्याखाली जंतू सावलीत सुखरूप. काही ठिकाणी अल्कोहोलचा स्पंज असलेली टोपणंही वापरतात, तुमच्या आयोडीनच्या टोपणाची चुलत बहीण.

पण रेवाताई, हे घासणं तुमच्या पीडीच्या टोकाला लागू नाही हं, तिथे अनघाताई सांगतील तेच, स्वतःहून स्पिरिट लावत बसू नका.

सिस्टर_अनघा

अगदी. पीडीच्या उघड्या टोकाला काहीही पुसायचं-लावायचं नाही. बोट लागलं, पडलं, कपड्याला घासलं तर जोडायचंच नाही. क्लॅम्प बंद आहे ना बघायचं, नवीन टोपण लावायचं आणि युनिटला फोन. ट्रान्स्फर सेट बदलून देतात, गरज वाटली तर अँटिबायोटिक देतात. आणि लागलं हे लपवायचं नाही. अण्णांच्या पिढीतले लोक लपवतात, सूनबाई ओरडेल म्हणून.

खवचट_खान्देशी

सूनबाई इथेच आहेत, सांभाळून.

कराडची_रेवा

आहे आहे, सगळं वाचलं, प्रिंट काढून दिरांना दिलं. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण "उजेडवाला कोण आहे, बरोबर लिहितो" असं म्हणाले.

काल अनघाताईंनी सांगितलं तसं न बोलता बाजूला बसले. अण्णा हात छान धुतात, अगदी कोपरापर्यंत. मग खांद्यावरच्या पंच्याला पुसतात. तोच पंचा सकाळपासून खांद्यावर! आणि पाचपर्यंत मोजतात पण "एकदोनतीनचारपाच" असं एका श्वासात, दत्ताच्या आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखं. युनिटच्या सिस्टरना फोन केला, त्यांनी सोमवारी बोलावलंय, ट्रेनिंग परत पहिल्यापासून घेणार, माझंही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचंही डॉक्टरांशी बोलणार आहोत. मनगटं टेकवायची आयडिया अण्णांना पटली, "हे कोणी सांगितलं" म्हणून दोनदा विचारलं.

एक शंका, रात्री झोपताना लावायचं जे मशीन असतं, सायकलर, त्यात जोडणी रोज एकदाच करावी लागते ना? मग ते अण्णांसाठी बरं पडेल का?

सिस्टर_अनघा

जोडण्या कमी होतात हे खरं, पण मशीनला खर्च आहे, रात्रभर वीज लागते, आणि पोटाच्या पडद्यातून पाणी किती भराभर शुद्ध होतं याची एक टेस्ट करून मग ठरवतात. सोमवारी विचाराच. पंच्याच्या जागी पेपर टॉवेल किंवा रोज धुतलेले छोटे नॅपकिन ठेवा, एक नॅपकिन एका एक्स्चेंजला. पंचा जप्त.

तर्कट

मी माझ्या ओळखीच्या एका मेडिकल उपकरणवाल्याला विचारलंय, पीडीची दोन टोकं समोरासमोर धरून ठेवणारा साधा साचा, विनादिव्याचा, बनवता येईल का म्हणून. तो म्हणतोय पिशवी आणि ट्रान्स्फर सेटचा नमुना आणून द्या. अनघाताई, वापरून झालेले मिळतील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सिस्टर_अनघा

वापरलेले नाही मिळणार, ते बायोमेडिकल कचऱ्यात जातात. ट्रेनिंगसाठीचा डमी सेट असतो, तो विचारून बघते. आणि साचा झाला तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणाच्या घरी द्यायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते.